रिमोटवरचं ग्लायडर किती उंच गेलं, हे मोजतात तरी कसं?

रिमोट कंट्रोलवर उडणाऱ्या ग्लायडरचे व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये कधी ना कधी आले असतील. लांब, सडपातळ पंखांचं विमान, इंजिनाचा आवाज नाही आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात वाढत जाणारा आकडा: ८० मीटर, १४० मीटर, २६० मीटर. अशा व्हिडिओखाली कुणीतरी विचारतंच, 'हा आकडा खरा कशावरून?'

प्रश्न रास्त आहे. आकाशात मोजपट्टी लावलेली नसते. तरीही या आकड्यावर बरंच काही ठरतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये एकेका मीटरला गुण कापले जातात. भारतात १२० मीटरच्या पुढे गेलात तर नियम बदलतात. आणि त्याच आकाशात माणसं बसलेली विमानं, हेलिकॉप्टर आणि पॅराग्लायडरही असतात.

थोडक्यात उत्तर असं: ग्लायडरमधलं छोटं यंत्र उंची मोजतच नाही. ते हवेचा दाब मोजतं आणि त्यावरून उंचीचा हिशेब करतं. हा हिशेब कुठे बरोबर येतो आणि कुठे फसतो, ते समजून घेऊया.

इंजिन नसताना ग्लायडर वर जातंच कसं?

सुरुवातीची उंची त्याला कुणीतरी द्यावी लागते. काही ग्लायडर दोर आणि विंचने वर खेचतात. काहींच्या नाकाशी छोटी इलेक्ट्रिक मोटार आणि पंखा असतो. वर पोहोचल्यावर मोटार बंद होते आणि पंख्याची पाती मागे मिटतात. 'एफ३के' नावाच्या प्रकारात तर थाळीफेकीसारखी गिरकी घेऊन, पंखाचं टोक धरून ग्लायडर हाताने भिरकावतात. या मॉडेलच्या पंखांची लांबी जास्तीत जास्त दीड मीटर असते आणि चांगला खेळाडू ते ६० मीटरच्याही वर फेकतो.

पुढचं काम हवेचं. उन्हाने जमीन तापली की गरम हवेचे झोत वर चढतात. त्यांना थर्मल म्हणतात. दुपारी माळरानावर पंख न हलवता घिरट्या घालत वर जाणारी घार पाहिलीत, तर ती थर्मलमध्येच असते. ग्लायडर उडवणारे तिच्यावर लक्ष ठेवूनच असतात. डोंगराच्या कड्यावर आदळून वर वळणारा वाराही ग्लायडरला तासन्‌तास तरंगत ठेवू शकतो.

डोळ्यांनी अंदाज का करता येत नाही?

कारण आकाशात तुलनेला काहीच नसतं. जमिनीवर झाड, खांब, इमारत असते. निळ्या आकाशात फक्त एक ठिपका असतो.

एक साधा हिशेब पाहा. पंखांची लांबी साडेतीन मीटर असलेलं ग्लायडर ४०० मीटरवर गेलं, की ते आपल्याला साधारण पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढं दिसतं. दोन मीटर पंखांचं ग्लायडर २३० मीटरवरच तेवढं दिसू लागतं. म्हणजे पंखांची लांबी माहीत नसेल, तर २३० आणि ४०० मीटर यांतला फरक डोळ्यांना कळणार नाही. त्यात पंखाची रुंदी जेमतेम वीतभर. ग्लायडर एका विशिष्ट कोनात वळलं की ते क्षणभर दिसेनासंच होतं. दूर गेलेली मॉडेल हातची जातात ती अशी.

यंत्रं नव्हती तेव्हा काय करायचे?

सर्वात सोपा मार्ग दोराचा. दोर १५० मीटरचा असेल तर सुटताना ग्लायडर साधारण त्या आसपास असणार, एवढं कळायचं. पण दोर सोडल्यावर थर्मलमध्ये ते किती चढलं, हे दोर सांगू शकत नाही.

दुसरा मार्ग शाळेतल्या त्रिकोणमितीचा. ग्लायडरच्या बरोबर खालच्या जागेपासून १०० मीटरवर उभं राहून ते ४५ अंशांच्या कोनात दिसलं, तर त्याची उंची १०० मीटर. सर्वेक्षणात वापरतात तो थिओडोलाइट हेच काम नेमकेपणाने करतो. अंतर माहीत नसेल तर ठरावीक अंतरावर दोन माणसं उभी करून, दोघांच्या कोनांवरून उंची काढता येते.

अडचण अशी की ग्लायडर एका जागी थांबत नाही. शिवाय ते जवळजवळ डोक्यावर आलं की कोनातली किरकोळ चूकही महागात पडते. १०० मीटर अंतरावरून कोन ८० अंश असेल तर उंची ५६७ मीटर येते, ८१ अंश असेल तर ६३१ मीटर. एका अंशाच्या चुकीने ६४ मीटरचा फरक!

मग दाबावरून उंची कशी कळते?

आपण सगळे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. वर जावं तशी डोक्यावरची हवा कमी होते आणि तिचा दाबही. १६४८ मध्ये फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कलच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याने, फ्लोरँ पेरिएने, पाऱ्याची नळी पुई द डोम या डोंगरावर नेली. माथ्यावर पाऱ्याची पातळी पायथ्यापेक्षा स्पष्टपणे खाली आली. आजचा प्रत्येक अल्टिमीटर, म्हणजे उंचीमापक, याच प्रयोगाचा वंशज आहे.

ग्लायडरमध्ये पाऱ्याच्या जागी काही मिलिमीटरची चिप असते. तिच्यातला सिलिकॉनचा पातळ पडदा दाबानुसार किंचित वाकतो आणि त्या वाकण्याचा विजेच्या संकेतात आकडा होतो. समुद्रसपाटीजवळ दर ८.३ मीटर चढल्यावर दाब सुमारे १ हेक्टोपास्कलने कमी होतो. म्हणजे एका मीटरला १२ पास्कल. एकूण दाब १ लाख पास्कलच्या थोडा वर असतो, आणि चांगल्या चिपला १० ते २० सेंटीमीटरचा चढउतारही जाणवतो. म्हणजे ती साधारण लाखात एक एवढा बारीक फरक ओळखते. सगळं यंत्र मिळून वजन काही ग्रॅम.

हे घरबसल्या तपासता येतं. तुमच्या फोनमध्ये बॅरोमीटर असेल (बऱ्याच महागड्या फोनमध्ये असतो), तर दाब दाखवणारं एखादं ॲप उघडा आणि लिफ्टने दहा मजले वर जा. एक मजला तीन मीटरचा धरला तर ३० मीटर, म्हणजे दाब सुमारे साडेतीन हेक्टोपास्कलने उतरलेला दिसेल.

मग हा आकडा चुकतो कुठे?

चिप सहसा चुकत नाही. घोळ होतो तो दाबाचं उंचीत रूपांतर करताना. त्याची चार मुख्य कारणं आहेत.

१. शून्य कुठे धरलं? यंत्र उंची सांगतं ती सुरू केलेल्या जागेपासून. सपाट मैदानावर हे ठीक. पण तुम्ही डोंगराच्या कड्यावर उभे असाल आणि ग्लायडर दरीवर गेलं, तर यंत्र २० मीटर दाखवेल आणि ग्लायडरच्या खालची जमीन ३०० मीटर खोल असेल. दोन्ही आकडे खरे, पण वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं.

२. हवामान बदललं का? दाब फक्त उंचीने बदलत नाही. आपल्याकडे तो रोज ठरल्यासारखा हलतो. सकाळी दहाच्या सुमारास जास्त, दुपारी चारच्या सुमारास कमी. हा फरक ३ ते ४ हेक्टोपास्कलचा असू शकतो. म्हणजे सकाळी शून्य करून टेबलावर ठेवलेला अल्टिमीटर दुपारी जागचा न हलता २५ ते ३५ मीटर 'उडालेला' दिसेल. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी शून्य नव्याने करावं लागतं.

३. हवा किती गरम होती? हिशेबाचं सूत्र साधारणपणे 'प्रमाण हवा' गृहीत धरतं. त्यात समुद्रसपाटीचं तापमान असतं १५ अंश सेल्सिअस. आपल्याकडे उन्हाळ्यात ३५ अंश सहज असतात. गरम हवा विरळ असते, त्यामुळे तेवढाच दाब कमी व्हायला जास्त चढावं लागतं. परिणामी यंत्र खऱ्यापेक्षा कमी उंची दाखवतं. ३५ अंशांना हा फरक सुमारे ७ टक्के होतो. यंत्र ११२ मीटर दाखवत असताना ग्लायडर प्रत्यक्षात १२० मीटरला टेकलेलं असतं.

४. चिपपर्यंत वारा पोहोचतोय का? सेकंदाला २० मीटर वेगाने जाणाऱ्या ग्लायडरच्या नाकावर हवेचा जो धक्का बसतो, तो सुमारे २४० पास्कलचा असतो. उंचीच्या भाषेत २० मीटर. समोरच्या भोकातून ही हवा थेट चिपवर आली, तर यंत्र २० मीटरपर्यंत कमी उंची दाखवू शकतं. म्हणून चिप विमानाच्या बॉडीत आडोशाला ठेवतात आणि तिच्यावर स्पंजचा तुकडा लावतात. काही चिपवर थेट ऊन पडलं तरी आकडा हलतो. स्पंज ते कामही करतो.

सरळ जीपीएस का वापरत नाहीत?

वापरतात. पण जीपीएस आडव्या जागेसाठी जितकं चांगलं, तितकं उंचीसाठी नाही. कारण सगळे उपग्रह आपल्या वरच्या बाजूला असतात, पायाखाली एकही नसतो. त्यामुळे उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा सहसा मोठी असते. शिवाय जीपीएस मुळात उंची मोजतं ती पृथ्वीच्या गणिती, गुळगुळीत आकारापासून. खरी समुद्रसपाटी त्या आकारापासून वरखाली असते. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंद महासागरात ती १०० मीटरहून जास्त खाली आहे. बहुतेक उपकरणं ही दुरुस्ती स्वतःच करतात. पण दुरुस्तीशिवायचा कच्चा आकडा समुद्रकिनारी उभ्या माणसालाही 'उणे' उंचीवर दाखवू शकतो.

दोन पद्धतींतला फरक किती मोठा होऊ शकतो, याचं गाजलेलं उदाहरण आहे 'पर्लान २'. हे माणसं बसलेलं, बिनइंजिनाचं ग्लायडर. २ सप्टेंबर २०१८ रोजी अर्जेंटिनातल्या एल कालाफातेजवळ, अँडीज पर्वतावरून उसळणाऱ्या वाऱ्याच्या लाटांवर स्वार होऊन ते उंचीच्या विक्रमापर्यंत पोहोचलं. दाबाच्या हिशेबाने उंची भरली ७६ हजार फुटांहून अधिक, तर जीपीएसच्या हिशेबाने ७४ हजार फुटांच्या थोडी वर. एकच विमान, एकच उड्डाण आणि दोन आकड्यांत पाचशेहून अधिक मीटरचं अंतर. खोटं कुणीच बोललं नव्हतं. मोजण्याची रीत वेगळी होती.

जिथे कमी उंचीला जास्त गुण मिळतात

उंचीच्या मापावरच उभी असलेली एक स्पर्धा आहे: 'एफ५जे'. तिचे नियम १९०५ मध्ये स्थापन झालेली हवाई खेळांची जागतिक संघटना, फेडरेशन एरोनॉटिक इंटरनॅशनल, ठरवते.

यात मोटार असलेली ग्लायडर उडतात. पंखांची लांबी जास्तीत जास्त चार मीटर. फेरी दहा मिनिटांची आणि हवेत राहिलेल्या प्रत्येक सेकंदाला एक गुण. खुणेच्या अगदी जवळ उतरलात तर आणखी ५० गुणांपर्यंत. मोटार फार तर ३० सेकंद चालवता येते.

खरी गंमत पुढे आहे. मोटारीच्या जोरावर जितके वर जाल, तितके गुण कापले जातात. २०० मीटरपर्यंत मीटरमागे अर्धा गुण, त्यापुढे मीटरमागे तीन. ६० मीटरवर थांबलात तर ३० गुण गेले. १५० मीटरवर ७५. आणि २२० मीटरवर? पहिल्या २०० चे १०० आणि वरच्या २० चे ६०, एकूण १६०.

कमी उंचीवर थांबण्यात धोका असतो. समजा ग्लायडर स्थिर हवेत सेकंदाला अर्धा मीटर खाली येतं. मग १०० मीटरवरून ते ३ मिनिटं २० सेकंदांत जमिनीवर. उरलेली साडेसहा मिनिटं थर्मल सापडलं तरच मिळणार. मोटार पुन्हा सुरू केली तर त्या उड्डाणाचे गुण गमवावे लागतात. म्हणजे प्रश्न धाडसाचा: हवा वर नेईल या भरवशावर तुम्ही मोटार किती खाली बंद करता?

यात पळवाट निघू नये याचीही सोय आहे. खालीच खूप वेग घ्यायचा, मोटार बंद करायची आणि मग त्याच वेगाने वर उसळी मारायची, असं करता आलं असतं. सेकंदाला २० मीटर वेग असेल तर हवेचा अडथळा सोडून अशी उसळी सुमारे २० मीटरची होते. म्हणून मोटार बंद झाल्यानंतरच्या १० सेकंदांतली सर्वाधिक उंचीही मोजली जाते. अल्टिमीटरच मोटारीवर लक्ष ठेवतो आणि आकडा स्वतःकडे जपून ठेवतो.

हा आकडा उडवणाऱ्याला उड्डाणात दिसत नाही. विमानाकडून उंचीची माहिती जमिनीवर पाठवायला या स्पर्धेत बंदी आहे. ग्लायडर उतरल्यावरच कळतं, की ७० वाटलं होतं ते ८५ होतं का.

मग तापमानामुळे होणाऱ्या चुकीचं काय? एका गटातले सगळे स्पर्धक एकाच वेळी, एकाच हवेत उडतात. चूक सगळ्यांना सारखीच लागते. कोण कुणापेक्षा खाली थांबलं, हा निकाल त्याने बदलत नाही. कायद्याच्या बाबतीत मात्र ही सवलत नाही. तिथे तुलना दुसऱ्या ग्लायडरशी होत नाही, खऱ्या मीटरशी होते.

भारतात किती उंच उडवता येतं?

'ड्रोन नियम, २०२१' मध्ये शिक्षण, संशोधन किंवा मनोरंजनासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या रिमोटवरच्या मॉडेलचा वेगळा उल्लेख आहे. अशा मॉडेलला प्रकार प्रमाणपत्र लागत नाही, पण आकाशाचे विभाग त्यालाही लागू होतात.

हिरव्या विभागात जमिनीपासून १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत परवानगी न घेता उडता येतं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटर होते. त्याच्या वर गेलात की पिवळा विभाग, आणि तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लाल विभागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. हे विभाग सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर पाहता येतात. याशिवाय स्थानिक आदेशही असतात. मुंबई पोलीस सुरक्षेच्या कारणावरून ड्रोन, रिमोटवरची छोटी विमानं आणि पॅराग्लायडर यांवर वेळोवेळी बंदी घालतात.

'जमिनीपासून' हा शब्द इथे महत्त्वाचा. कामशेतसारख्या डोंगराळ भागात दरीवर गेलेल्या ग्लायडरचा आकडा किती फसवा असतो, ते वर पाहिलंच. त्याच कामशेतला पॅराग्लायडरही उडतात. तिथे 'माझ्या यंत्रावर ४० मीटरच होते' हे उत्तर पुरत नाही.

थर्मल जोरदार असेल तर ग्लायडर कित्येकशे मीटर सहज चढतं. अडवतात त्या दोनच गोष्टी: नियम आणि आपली नजर. मोटारीच्या मॉडेलने तर १९७० मध्येच अमेरिकेच्या मेनार्ड हिल यांच्या हातून ८,२०० मीटरची उंची ओलांडली होती.

तुम्ही स्वतः मोजणार असाल तर

- प्रत्येक उड्डाणाआधी, ग्लायडर जमिनीवर असताना शून्य करा.
- चिप वाऱ्यापासून आणि उन्हापासून झाकलेली आहे ना, ते बघा.
- उतरल्यावर आकडा पुन्हा पाहा. तो शून्याजवळ नसेल, तर जेवढा फरक तेवढी शंका त्या उड्डाणाच्या उंचीवर धरा.
- उन्हाळ्यात दाखवलेल्या उंचीत ७ ते ८ टक्के मिळवा. १२० मीटरची मर्यादा पाळायची तर १०० च्या आसपासच थांबलेलं बरं.
- डोंगरावर असाल तर ग्लायडरच्या खालची जमीन किती खोल आहे, हे नकाशावर आधी पाहून ठेवा.
- उडत असताना तुमची नजर ग्लायडरवर हवी, स्क्रीनवर नको. उंची आवाजात सांगणारी यंत्रं मिळतात.

आणि पुढच्या वेळी एखाद्या व्हिडिओच्या कोपऱ्यात '४०० मीटर' दिसलं, तर 'खरं की खोटं?' एवढंच विचारू नका. त्यापेक्षा तीन प्रश्न विचारा: शून्य कुठे धरलं होतं, मोजलं दाबाने की जीपीएसने, आणि त्या दिवशी ऊन किती होतं?